उलटीची अर्धी गोळी

हातखंब्याला गाडी थांबवून सगळ्यांना उलटीची गोळी वाटणं हा आमच्या घरातला कुळाचार आहे. पुढे आंबा घाट. तीर्थ द्यावं तशी मी प्रत्येकाच्या तळहातावर अर्धी अर्धी गोळी ठेवतो, आणि हे काम दुसऱ्या कुणी केलेलं मला खपत नाही. खरं सांगायचं तर घाटात ओकणारा घरात मी एकटाच. पण एकट्याने गोळी घेतली की अब्रू जाते, म्हणून सगळ्यांना.

सगळ्यांत बाबाही आले. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटींवर काढली. भर वादळात जेवून उठणारा माणूस. तळहातावरच्या गोळीकडे बघून ते म्हणायचे, "मला कधी लागली रे बोट?" मी म्हणायचो, "घ्या हो," आणि ते घ्यायचे. विसरायला लागल्यापासून ते फार आज्ञाधारक झाले होते.

त्या विसरण्यासाठीच आम्ही त्यांना कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेत होतो. आईला त्यातून एकच गोष्ट हवी होती. लग्न झाल्यापासून बाबा तिला 'अगो' म्हणून हाक मारत आले, आणि ती हाक आता बंद पडली होती. शेजारच्या घरी आलेल्या पाहुणीकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघायचे. "बाकी सगळं विसरू देत," ती म्हणायची. "मला एकदा अगो म्हणाले की झालं."

डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती कशी चालते हे आईला समजावण्याचं काम अर्थातच मी घेतलं, कारण मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. म्हटलं, मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते म्हणजे आपला मिरकरवाड्याचा धक्का समज. निरोप घेऊन होड्या येतात, धक्क्याला लागतात, माल उतरतो. बाबांच्या डोक्यात होड्या कमी झाल्यात. ही गोळी, आहेत त्या होड्या लवकर मोडू देत नाही.

"आणि धक्काच खचला तर?"

"तो पुढचा धडा," मी म्हणालो.

कोल्हापुरात डॉक्टर परीक्षा घ्यायचे. आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा, या बाई कोण. बाबा पहिल्या खेपेला काठावर होते, दुसऱ्या खेपेला साफ नापास. तोंड कोरडं, डोळ्यांवर झापड. "घरी बरे असतात हो," आई म्हणाली. मी तिला तिथेच गप्प केलं, "घरी तू उत्तरं सांगतेस." डॉक्टरांनी डोस वाढवला. आणखी कुठलं औषध चालू आहे का, हेही त्यांनी दोन्ही वेळा विचारलं होतं, आणि मी दोन्ही वेळा छातीठोकपणे नाही म्हणालो होतो. उलटीची गोळी हे आमच्याकडे औषध नव्हेच. पाण्याच्या बाटलीसारखी ती प्रवासाची वस्तू.

वाढलेल्या डोसाने बाबांना मळमळायला लागलं. इलाज माझ्या खिशातच होता. सकाळी अर्धी, रात्री अर्धी. मळमळ थांबली. थोड्याच दिवसांत बाबा चमचा कसा धरायचा तेही विसरले. आई भरवायला लागली, आणि रोगाचा हा पुढचा टप्पा असतो, असं मी तिला चित्र काढून समजावलं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर आधीच म्हणाले, "यावेळीही घसरण असेल तर गोळी बंद करू. उगाच मारा कशाला?" आईने पदराचं टोक मुठीत धरलं. बाबांनी घड्याळाऐवजी नुसतं एक वर्तुळ काढलं, तेही कागद सोडून टेबलावर.

"या डोसाने उलट्या वगैरे?"

"छे, त्याचा मी बंदोबस्त केलाय," मी म्हणालो, आणि गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी नाव वाचलं. "रोज देता?"

"नियमितपणे."

"तुम्ही काय शिकवायचात?"

"जीवशास्त्र."

"मुलं पास व्हायची?"

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. आईकडे वळून म्हणाले, "आमची गोळी ज्या जागेवर निरोप पोचवायला धडपडते, त्याच जागेवर ही उलटीची गोळी जाऊन बसते. निरोप पोचतच नाही."

आईला माझा धडा पाठ होता. "म्हणजे आम्ही धक्क्याला रिकामा बार्ज बांधून ठेवलाय. रोज."

"अगदी तसंच. मी होड्या वाढवल्या, यांनी बार्ज वाढवले."

"म्हणजे रोग थोडा, मुलगा जास्त."

"रोग आहेच, आई," डॉक्टर म्हणाले. "मुलगा त्याच्यावर."

परतताना मी लाजेकाजेस्तव गोळी घेतली नाही. घाटाच्या दुसऱ्याच वळणावर गाडी थांबवावी लागली. मी कठडा धरून ओकत होतो तेव्हा आईने बाबांच्या बाजूची काच वर केली.

अर्ध्या गोळ्या बंद झाल्या आणि बाबा हळूहळू वर आले. चमचा धरायला लागले. वार सांगायला लागले. एके सकाळी मागच्या पडवीत आई बांगडे साफ करत होती. बाबा खुर्चीतून माझ्याकडे टक लावून बघत होते.

"तू माझा मोठा."

"हो, बाबा."

"माझ्या पांढऱ्या टोपीत ओकला होतास. नवी टोपी. अजून ओकतोस?"

"घाटात फक्त."

"सुधारला नाहीस म्हणजे."

आई उठली. हात धुतले, मनगटाने केस मागे सारले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि मी हो?"

बाबांनी घाई केली नाही. तिला नीट बघितलं. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "या बाई मासे छान साफ करतात. सोडू नको यांना."

आई परत पाटावर बसली. एक बांगडा साफ झाला, दुसरा झाला.

"तुझी ती गोळी शिल्लक आहे का रे?"

"कशाला?"

"दे त्यांना अर्धी. मग तुलाही नाही ओळखायचे."

पाकीट माझ्या शर्टाच्या खिशातच होतं. मी वरून हात दाबून धरला.