पंधरा ऑगस्टच्या सभेत शोभा काय बोलली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. जुन्या जालन्यात कानाच्या डॉक्टरांनी "किती वर्षांपासून त्रास आहे?" असं विचारलं, तेव्हा त्यांनाही मी वर्षं कमी करूनच सांगितली. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा असं असेल, की माझ्याबद्दल लोक फार चांगलं बोलतात — आणि ते आता मला ऐकवत नाही.

मी वीस वर्षं सरपंच होते. वाटूर फाट्यावरून आत वळलं की थोड्या अंतरावर आमचं गाव. पहिल्या वेळी जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून मला उभं केलं. घरच्यांना वाटलं, सही माझी आणि कारभार त्यांचा. तसं झालं नाही. मला ते काम आवडलं. पुढच्या तिन्ही वेळा लोकांनी मला माझ्या नावावर निवडून दिलं. गावभर मला काकू म्हणतात. पाण्याची लाइन, शाळेची भिंत, विधवा बायकांचे निराधारचे कागद — गावात असं घर नव्हतं, की ज्याचं एखादं काम माझ्या सहीने पुढे सरकलं नव्हतं. हे बढाई म्हणून सांगत नाही. याच गोष्टीचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

शेवटच्या खेपेला मी सत्तरी ओलांडली होती. डावा कान आधीच गेला होता. मग उजवाही हळूहळू चालला. आधी पाखरांचे आवाज गेले, मग बायकांचे बारीक आवाज, मग गर्दीतलं सगळंच. मशीन का लावलं नाही? — लावलं असतं तर दिसलं असतं. विरोधातले लोक म्हणाले असते, म्हातारी बहिरी झाली, आता बसवा घरी. आणि मला घरी बसायचं नव्हतं. एवढंच खरं कारण. त्याला दुसरं नाव देता येत नाही.

मग मी दोन शब्दांवर कारभार चालवला. "बराबर आहे" आणि "बघू". कोण काय म्हणतंय ते निम्मं कळायचं, निम्मं मी अंदाजाने भरायची. आमचे ग्रामसेवक, त्यांना सारे भाऊसाहेब म्हणत, माझ्या उजव्या बाजूला बसायचे आणि महत्त्वाचं काही असलं की कागदावर दोन शब्द लिहून सरकवायचे. आम्ही दोघं याविषयी कधी बोललो नाही. लोक म्हणायचे, काकू आता कमी बोलतात, विचार करून बोलतात. मला ते गोड वाटायचं. वय वाढलं की बहिरेपणालासुद्धा लोक शहाणपण समजतात, हे तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलं. मी त्यावर चार वर्षं काढली.

आता शोभाचं सांगते.

शोभा आमची अंगणवाडी सेविका. तेव्हा चाळिशीची असेल. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ती मागे, बायकांत उभी होती. माईक तिथवर जात नव्हता. ती उभी राहून काहीतरी बोलली. मला तिचे ओठ हलताना दिसले. गेल्या साली तिने अंगणवाडीच्या खोलीला रंग मागितला होता — मी धरून चालले की तेच असणार. भाऊसाहेब त्या वेळी वाकून कुणाची तरी सही घेत होते. मी म्हणाले, "बराबर आहे. सध्या आहे तसंच चालू द्या. दिवाळीनंतर बघू."

ती रंगाचं बोलत नव्हती. ती सांगत होती, की खोलीच्या स्लॅबचं प्लास्टर निसटतंय, आतली सळई उघडी पडलीय, तर दुरुस्ती होईस्तोवर मुलांना मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात बसवू का?

आणि गावाच्या सरपंचाने सगळ्यांसमोर सांगितलं, आहे तसंच चालू द्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या स्लॅबचा एक तुकडा खाली आला. शोभाने माझा शब्द मोडला नव्हता, पण सतरंजी भिंतीकडे ओढून सगळ्या मुलांना एका कडेला घेतलं होतं. म्हणून बाकीची वाचली. ईश्वरी नावाची चार वर्षांची मुलगी आपली ताटली आणायला म्हणून मध्ये गेली, तिच्या हातावर पडला. कोपर मोडलं. शोभा तिला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत पळत गेली, तिथून जीप धरून जालन्याला. पदर रक्ताने भरलेला होता, असं लोक सांगतात. मी तेव्हा तालुक्याला बैठकीत होते. तिथेही "बराबर आहे" म्हणत असेन.

चौकशीला पंचायत समितीतून साहेब आले. त्यांनी माझ्याजवळ खुर्ची ओढून, चांगलं मोठ्याने विचारलं, "अंगणवाडी सेविका म्हणतात, त्यांनी ग्रामसभेत तुम्हाला सांगितलं होतं."

मी म्हणाले, "न्हाई. मला कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी सही केली. प्रोसिडिंग बुकात शोभाच्या बोलण्याची नोंद नव्हती, कारण भाऊसाहेबांनी विषयपत्रिकेवरचे विषय तेवढे लिहिले होते. शोभाला नोटीस निघाली. खोली धोक्याची आहे हे माहीत असून मुलं बसवली, आणि वर सरपंचाचं खोटं नाव घेतलं, असं त्यात होतं. तिला कामावरून थांबवलं. पाच महिने मानधन बंद.

सभेत तिच्या शेजारी बायका उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मग त्या का नाही बोलल्या? मला पुष्कळ दिवस वाटायचं, त्या भित्र्या. तसं नव्हतं. कुणाच्या सासूचे निराधारचे कागद मी केले होते, कुणाच्या लेकीचा दाखला मी मिळवून दिला होता. माझ्याविरुद्ध तोंड उघडणं त्यांना पाप वाटलं. वीस वर्षं मी लोकांचं भलं केलं, आणि त्या भल्यानेच त्यांची तोंडं शिवली. दहा वर्षांनी मी त्या खुर्चीवरून उठले असते तर? त्यातली एखादी नक्की बोलली असती.

शोभा मात्र बोलत राहिली. तालुक्याला, परतूरच्या ऑफिसात खेपा घालत राहिली. "मी सांगितल्तं, साऱ्या गावासमोर सांगितल्तं," एवढं एकच वाक्य. गावात तिला लोक हसले. नोकरी वाचवायला काकूवर ढकलून राह्यली, म्हणाले. शेवटी ईश्वरीच्या आईनेच लिहून दिलं, की शोभाताईंनी मुलांना कडेला घेतलं नसतं तर माझी पोर राहिली नसती. तेव्हा तिला ताकीद देऊन परत घेतलं. ताकीद तिच्या कागदावर राहिली. ती आजही आहे.

आता जे घडलं ते मला आजही नीट समजत नाही.

ती परत आल्यानंतरची पहिली ग्रामसभा. शोभा मागे बायकांत गेली नाही. सरळ पुढे आली, माझ्या अगदी समोर सतरंजीवर बसली. मागून कुणीतरी काही विचारलं. मी "बराबर" म्हणणार, तेवढ्यात शोभा माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "काकू, रामभाऊ म्हणून राह्यले की त्यांच्या गल्लीतला बोअर बंद आहे." मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. जणू काही तिला स्वतःलाच ते नीट समजून घ्यायचं होतं, अशा थाटात. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मला तिच्या ओठांवरून सगळं कळत होतं.

म्हणजे तिने ओळखलं होतं. घरी बसलेल्या त्या पाच महिन्यांत तिने तो दिवस पुन्हा पुन्हा आठवला असणार, आणि तिला कळलं असणार की माझं उत्तर तिच्या प्रश्नाला नव्हतंच. दुसरं कुणी असतं तर गावभर सांगितलं असतं. तिला स्वतःला खरं ठरवायचा तोच एक मार्ग होता. तिने तो घेतला नाही. उरलेला काळ, माझी मुदत संपेपर्यंत, ती प्रत्येक सभेला समोर येऊन बसली. ज्या बाईला मी खोटं पाडलं, ती माझे कान झाली. त्या काळात गावात एकही निर्णय चुकला नाही, तो तिच्यामुळे. मी तिची किती ऋणी आहे ते मला शब्दांत मांडता येत नाही. सभा संपली की ती सतरंजी झटकून घडी घालायची आणि निघून जायची. मी साधा चहाही कधी विचारला नाही.

निवडणूक जवळ आली तशी ती एकदा दुपारी घरी आली. सून रानात गेली होती. शोभा माझ्या उजव्या कानाशी बसली.

"काकू, रागवू नका. ह्या टायमाला उभ्या राहू नका."

मला राग आला. मी म्हणाले, "तू सांगणार मला?"

"दुसरं कोण सांगल? साऱ्यांना तुमचा आदर आहे, म्हणून कुणी बोलत न्हाई. तवा तुम्हाला ऐकू आलं न्हाई, त्यात तुमचा काय दोष? माझ्या मनात काई न्हाई. पण आता आपल्याला माहीत आहे ना. मंग पुन्हा एखादं लेकरू..."



मी अर्ज भरला नाही. त्या एका दुपारी तिने मला वाचवलं. गावालाही वाचवलं. पुढच्या महिन्यात मी जालन्याला जाऊन मशीन बसवून घेतलं. डॉक्टरांच्या जिन्यावरून खाली उतरले, कापडाच्या दुकानांपुढून चालले, तर रिक्षांचा एवढा गोंगाट, की मी भिंतीला धरून उभी राहिले. गावी परतल्यावर शोभाचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. गोड आवाज आहे तिचा. मुलांना गाणी शिकवते, गल्लीपर्यंत ऐकू येतात.

एवढ्यावर हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण लोकांनी माझी वाहवा केली. खुर्ची आपण होऊन सोडणारी बाई, म्हणाले. शाल दिली. मी घेतली. या वर्षी जालन्यात एका कार्यक्रमाला बोलावलं. विषय होता, पुढाऱ्यांना आणि न्यायाधीशांना वयाची, मुदतीची मर्यादा असावी की नसावी. कायद्याची गरज नाही, विवेक असला की माणूस आपणच थांबतो — याचा दाखला म्हणून मला उभं केलं. आणि मी बोलले. "माणसाला आपलं आपल्याला कळतं," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. या वेळी मला त्या नीट ऐकू आल्या.

चहाच्या वेळी एक निवृत्त न्यायाधीश माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, मला नियमाने घरी पाठवलं तेव्हा फार राग आला होता. पुढच्या दोन वर्षांत नावं विसरायला लागलो. आज विचार करतो, नियम नसता तर मी कोर्टात बसलोच असतो. मला कळलं नसतं. तुम्हाला कळलं, तुम्ही भाग्यवान."

ते इतक्या साधेपणाने बोलले, की माझ्याकडून कप खाली ठेवला गेला. त्यांचेही आभारच मानायला हवेत. परत येताना गाडीत ठरवलं, की लिहायचं.

आता जे टाळत आले ते.

वर मी चौकशीचं लिहिलं तेव्हा एक संध्याकाळ गाळली. साहेब यायच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब घरी आले होते. माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून, हळू पण स्पष्ट म्हणाले, "काकू, शोभा बोलल्ती सभेत. स्लॅबचंच बोलल्ती. मला ऐकू आल्तं. तुम्ही चालू द्या म्हणल्या. मी लिहिलेलं न्हाई. आता तुम्ही म्हणाल तसं." मला शब्द न् शब्द कळला. मी त्यांना म्हणाले, "लिहिलं न्हाई ना? मंग ऱ्हाऊ द्या." पुढे त्यांची बदली झाली.

शोभा समजते, मला ऐकू आलं नव्हतं म्हणून मी नाही म्हणाले. तेवढं समजून तिने मनातून सगळं काढून टाकलं, समोर येऊन बसली, माझ्या दारी येऊन मला थांबवलं. तो सगळा चांगुलपणा तिने एका बहिऱ्या बाईला दिला. मी सही केली तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्या दुपारी ती "तुमचा काय दोष" म्हणाली — तेव्हा सांगायची वेळ होती. मी मान हलवली.

पंचायत समितीला अर्ज लिहिला आहे. माझा जबाब खोटा होता, सही करण्याआधी मला खरं माहीत होतं, शोभाच्या कागदावरची ताकीद काढावी. त्याची एक प्रत तिच्यासाठी आहे. उद्या अंगणवाडी सुटली की मी स्वतः नेऊन देणार. ती वाचेल. त्यानंतर ती माझ्याशी बोलते की नाही, ते तिचं.

ईश्वरी आता तिसरीत आहे. तिचा हात कोपरातून अजून पुरता सरळ होत नाही.