भाऊबीजेचा गिझर

गिझरखाली पाणी टपकताना दिसलं, की ती केस आजही आठवते.

भारनियमनाचे दिवस होते. नाशिकरोडच्या एका बंगल्यात नवा गिझर फुटला आणि न्हाणीघराची भिंत कोसळली. घरातल्या आजी टॉवेल घ्यायला बाहेर आल्या होत्या, म्हणून वाचल्या. पंचनाम्यात दिसलं, की सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडावर घट्ट बूच होतं. तापून फुगलेल्या पाण्याची वाटच बंद! आम्ही निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. गिझर बसवणारा फिटर पसार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्या आला. "साहेब, तो स्टँडवर येवल्याच्या गाडीची वाट बघतोय."

हवालदारांनी त्याला ठाण्यात आणलं. मी आधी चहा दिला. माणूस घाबरलेला असला, की दरडावून काही हाती लागत नाही.

"गिझर बसवायचं कुठं शिकलास?"

"शिकायचं काय साहेब? नळाची कामं करतो. पाईप जोडता येतो."

"मग बूच कशाला मारलं?"

"आजीच म्हणल्या, नव्या वस्तूला गळती नको, घरातली लक्ष्मी वाहून जाते."

"आणि भिंत कोणाच्या लक्ष्मीनं पाडली रे?" हवालदार म्हणाले.

"आणखी कुठं बूच मारलंस?" मी विचारलं.

"नाय साहेब, तेवढंच."

पण तो पुन्हा पुन्हा येवल्याची पुढची गाडी कधी, हेच विचारत होता. पळणारा माणूस मिळेल त्या गाडीत बसतो. मला शंका आली.

"येवल्याला कोण आहे?"

"बहीण."

"तिच्याकडे गिझर आहे?"

तो एकदम रडायलाच लागला. "भाऊबीजेला मीच दिला साहेब. तिलाबी टपटप नको होती. बूच काढायलाच चाललो होतो. बाळंतीण भाची हाय घरात, सारखं गरम पाणी लागतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आणखी एक केस लागली असती."

मी तत्काळ येवला ठाण्याला फोन लावला. तिकडून उत्तर येईपर्यंत हवालदार दारात येरझाऱ्या घालत होते. अखेर फोन वाजला.

"साहेब, बटण चालूच होतं. पण पहाटेपासून लाईट नाही. पाणी गार आहे. आता मेन स्विच बंद केलाय. सगळे सुखरूप."

फिटरने भिंतीला डोकं टेकलं. वीज गेली, की रोज शिव्या देणाऱ्या हवालदारांनी त्या दिवशी बंद पंख्याला हात जोडले.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. प्रमाणपत्र नोकरीसाठी असतं, एवढंच मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक चुकीचं काम सांगतं, तेव्हा ठामपणे नाही म्हणता यावं, यासाठीही शिक्षण लागतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

निवृत्तीनंतर घरी गिझर घेतला. बसवायला आलेल्या प्रशिक्षित माणसाला हिने सांगितलं, "तेवढं टपकणं बंद करा हो."

"काकू, ते बंद करायचं नसतं," असं म्हणून त्याने खाली बादली सरकवली.

मी त्याला आग्रहाने जेवायला बसवलं.