सापडलं सर

पोरांचं उत्तर चुकलं की हे सर खुर्चीतून उठून टाळी वाजवायचे आणि ओरडायचे, "सापडलं!" भंडाऱ्याच्या कॉलेजात त्यांचं नावच 'सापडलं सर' पडलं. कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतले तितक्याच तासांचा पगार. उत्साह मात्र बिनहिशेबी.

दिघोरीच्या धान पिकवणाऱ्या घरातला हा माणूस. त्यांनी मोबाइलवर चालणारा सराव तयार केला होता. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण. चुकलं की ज्या गोष्टीवर तो प्रश्न उभा आहे, तिच्यावरचा सोपा प्रश्न. "साऱ्या वर्गाले एकाच चालीनं कायले चालवाचं, काका? ज्याचं जिथं अडलं, तिथूनच त्याले उचलाचं," ते मला म्हणाले. मी हिशेबाचं काम करतो. ताळा जमला नाही की शेवटची बेरीज घोकत बसत नाही, चुकलेली ओळ शोधतो. मला ते जागीच पटलं.

गरजही होती. त्याच कॉलेजात शिकणारी माझी मुलगी प्राची 'डेटा स्ट्रक्चर'मध्ये दोनदा नापास झाली होती. तो विषय या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. म्हणून तीही या सरावाला लागली.

एका रविवारी सर मोटारसायकलवरून थेट आमच्या वरठीच्या घरी आले. चहासुद्धा घेईनात. "काका, तुमची प्राची सकाळी भारी भारी प्रश्न सोडवते अन् संध्याकाळी पहिल्या पायरीवर फसते. काहून?"

उत्तर आतल्या खोलीत बसलं होतं. प्राची आणि गल्लीतल्या तिच्या दोन मैत्रिणी, स्नेहा आणि रजनी. शाळेपासून तिघींचा अभ्यास एकत्र, म्हणून सरावही प्राचीच्याच नावावर एकत्र. ज्या प्रश्नाचं जिला येईल, तिने बोट लावायचं.

सर पोट धरून हसले. "म्हंजे तिघींच्या ताटातलं मोजून मशीन एकीची भूक सांगून राहिली होती!"

स्नेहा फुरंगटली. "आमी तं हिले मदत करून राहिलो होतो, सर."

"मदत नाही, माय! तुमी तिची चूक लपवून राहिल्या होत्या."

त्यांनी तिथेच तिघींची वेगळी नावं नोंदवली. एकीच्या हातात फोन असताना बाकीच्यांनी तोंड भिंतीकडे करायचं, असा दंडकही घातला. प्राची एकटी बसली आणि प्रश्न खाली खाली घसरत गेले. "बाबा, मी तं पहिल्या वर्षात येऊन पडली," ती रडवेली झाली.

"सापडलं!" सरांची टाळी शेजारपर्यंत गेली. स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम, म्हणजे रिकर्शन, तिथे तिचं घोडं अडलं होतं. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं.

लगेच त्यांनी अंगणात आमची ओळ लावली. सगळ्यात पुढे माझी बायको, मग रजनी, स्नेहा, मी, शेवटी प्राची. "स्वतः कोनी मोजाचं नाही. फक्त पुढच्याले विचाराचं, तुह्यापुढं किती?"

प्राचीने मला विचारलं, मी स्नेहाला, स्नेहाने रजनीला, रजनीने बायकोला. बायको म्हणाली, "माह्यापुढं कोनीच नाही, गॅसवर दूध आहे तेवढं!" मग एकेक मिळवत उत्तर उलटं सरकत माझ्यापर्यंत आलं. मी सांगायच्या आत प्राची उड्या मारायला लागली. "पहिल्याले उत्तर भेटलं का सारे परत फिरतेत! सर, समजलं!" तिकडे दूध उतू गेलं.

प्राचीच्या परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी सर पुण्याच्या कायम नोकरीवर निघाले होते. आम्ही भंडारा रोड स्टेशनवर पोचवायला गेलो. मोबाइलवर निकालाचं पान उघडेना. गाडी आली, सर चढले, गाडी हलली आणि पान उघडलं. प्राची डब्याबरोबर धावत सुटली. "पास! सर, पास!"

दारात उभ्या सरांनी दांडी सोडून दोन्ही हात वर केले. मागच्या प्रवाशाने त्यांचा शर्ट धरून ठेवला म्हणून बरं. "आजच प्रवेश घे!" एवढं ऐकू आलं.

आम्ही घरी गेलोच नाही. कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या आत पोचलो. आतल्या बाईंनी विचारलं, "काका, तिसऱ्या वर्षाची फी हप्त्यानं भरता का?"

"पूर्ण," मी म्हणालो आणि भरली.