मूठभर वाल

रोज सकाळी सहा-साडेसहाला, चहाचं आधण ठेवलं की माझा फोन वाजायचा. उघडला की केवळाक्काचा आवाज. "आमच्याकडं आभाळ हाय, पानी न्हाई. तुमच्याकडं?" बस, एवढंच. औशाच्या पलीकडच्या एका लहानशा गावातून ती आमच्या शेतकरी बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज असं बोलून पाठवायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फोनवरचं ते माइकचं चिन्ह दाबून धरायला ती शिकली होती आणि दाबताना श्वासही धरायची, हे ऐकताना स्पष्ट कळायचं. मग एकेक उत्तर यायचं. नायगावकडून कुणी म्हणायचं, ऊन आहे. कुणी म्हणायचं, काल चार थेंब आले नि गेले. हवामान खात्याचा अंदाज माझ्याकडे आधीच आलेला असायचा. पण खरं सांगते, मी वाट तिच्या आवाजाची बघायची.

चैत्र सरता सरता एका सकाळी फोन वाजला नाही. म्हटलं, चार्जिंग संपलं असेल. दुसऱ्या दिवशी वाजला, पण आवाज तिच्या सुनेचा, कमलचा होता. "म्याडम, आमच्याकडं..." एवढं बोलून ती थांबली. मागे बायांचं रडणं ऐकू येत होतं. "आत्याबाई गेल्या, म्याडम. कालच्याला. लातूरच्या दवाखान्यातून घरी आनलं..." मी हातातला चहा ओट्यावर ठेवला. पुढचा अर्धा तास मी काय केलं ते मला आठवत नाही. गॅस बंद केला होता, एवढं नक्की, कारण घर जळलं नाही.

लिहिताना तिला अहो-जाहो करायला हवं, हे मला कळतं. समोर मी तिला 'तुम्ही'च म्हणायची. पण मनात ती कायम 'ती'च होती, तेव्हा इथेही राहू दे.

तिची नि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. वीसेक वर्षांपूर्वी कृषी सहायक म्हणून माझी पहिली नेमणूक तिच्या गावाला झाली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला माहितीपत्रकांची पिशवी आणि डोक्यात भरपूर हवा. महिला शेतकऱ्यांचा मेळावा घ्या, असा वरून आदेश आला. बाया मेळाव्याला येत नाहीत, हळदीकुंकवाला येतात, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, दोन्ही एकत्र करू. संक्रांतीचे दिवस होते. शाळेच्या खोलीत हळदीकुंकू ठेवलं आणि ओटीत तांदळाऐवजी परसबागेच्या बियाण्याची पाकिटं घालायची ठरवलं. स्वतःच्या हुशारीवर मी भयंकर खूश होते. चाळीसेक बाया नटूनथटून आल्या. फोटोबिटो झाले. मध्येच पाणी प्यायला मी बाहेर आले तर पायरीवर एक बाई सगळ्यांच्या चपला राखत बसली होती, आणि समोर लिंबाखाली आणखी दहा-पंधरा जणी. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या डोक्यावर गवताचा भारा.

मी पायरीवरच्या बाईला म्हटलं, "आत या की, बाहेर का बसलात?"

"आत कुंकू हाय, म्याडम. आमी हितंच बऱ्या."

मग तिने माझ्याकडे नीट वर बघितलं. आवाजात राग नव्हता. "एक इचारू का? तुमी शेतकरी बाया बलावल्या का सवाशिनी बलावल्या?"

मी पाणी न पिताच आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई माझ्या खोलीच्या दाराशी हजर. "चला, शिवार दाखवते." तिच्या मागे मी बांधाबांधाने दोन तास फिरले. प्रत्येक तुकड्यापाशी ती थांबायची, स्वतःच विचारायची नि स्वतःच सांगायची. हे रान कोण कसतंय? अमकी. तिचा नवरा? गेला. काल ती कुठं हुती? लिंबाखाली. हे कुणाचं? तमकीचं, नवऱ्यानं टाकलेली. काल कुठं हुती? लिंबाखाली... शेवटी ज्वारीच्या एका तुकड्याच्या कडेला आलो. बांधावर काळ्याभोर दाण्यांचा, पांढऱ्या कडेचा वाल ज्वारीच्या ताटांवर चढलेला. "अन् हे माझं," ती म्हणाली. "मी चपला राखत हुते." ज्यांच्या हातात खरोखर शेती होती, त्या सगळ्यांना मी निवडून निवडून बाहेर बसवलं होतं आणि आत बसलेल्यांचे फोटो अहवालाला जोडले होते. त्या बांधावर मला रडू आलं. केवळाक्काने पदराच्या टोकाला बांधलेले दोन-चार वालाचे दाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "रडू नका. तुमच्या कागदावर पीक लई झकास येतंय. आता जरा रानातबी येऊ द्या."

पुढच्या संक्रांतीला ओटी भरायचं तिनेच काढलं. आपल्या खळ्यावर. हळद नाही, कुंकू नाही, जी बाई रानात राबते तिने यायचं आणि पदर पसरायचा. केवळाक्का त्यात मूठभर बी टाकायची. कारळं, राळं, गावरान तूर, दोडका, भोपळा, आणि तिचा तो वाल. तो तिला निलंग्याकडच्या माहेराहून आईने दिला होता. अट एकच. पुढच्या वर्षी एका मुठीच्या दोन मुठी करायच्या, पण त्या अक्काला परत नाही द्यायच्या, नव्या बाईच्या पदरात टाकायच्या. गावात कुजबुज झाली नसती तरच नवल. एका म्हातारीने तर तोंडावर सुनावलं, विधवेनं कुणाची ओटी भरावी का म्हणून. केवळाक्का हसली. "मी बी टाकतेय, काकू, कुंकू न्हाई. बियाला काय मालूम, कुणाचा नवरा हाय अन् कुणाचा न्हाई?" म्हातारीच्या सुनेने तिथेच पदर पसरला.

पुढे माझी बदली नांदेड जिल्ह्यात, नायगावला झाली. मी अक्काला तिकडे बोलावून घेतलं. औसा, लातूर, नांदेड, नायगाव असे चार पल्ले बदलत ती बियांचं गाठोडं मांडीवर घेऊन आली. नायगावच्या बाया आधी अंग चोरून बसल्या. मग त्यातल्या एकीने अक्काचा डावा हात ओढून घेतला आणि बोटांवरच्या विळ्याच्या खुणा बघितल्या. स्वतःच्याही दाखवल्या. थोड्या वेळाने दहा-बाराजणी आपापली बोटं एकमेकींना दाखवत होत्या आणि कोणता घाव कोणत्या सुगीचा ते सांगत होत्या. एकीने माझाही हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. केवळाक्का एवढी हसली, एवढी हसली... "म्याडमचा हात कोराच हाय गं, त्यांना पेनचा घाव लागतोय!" त्या दिवशी लातूरच्या बाया आणि नांदेडच्या बाया एका गटात आल्या. कुणाच्या गावात उडदावर कीड पडली की दुसऱ्या गावात आधीच कळायला लागलं. कुणाला पेरणीला माणूस मिळेना, तर कुणाची बहीण, कुणाची नणंद हजर व्हायला लागली. माझ्या नोकरीत मी जे काही थोडंफार बरं काम केलं असेन, ते हेच. आणि तेही माझं नव्हे.

सहा वर्षांपूर्वी माझे मिस्टर गेले. इथेच, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या आमच्या घरी. सकाळी कॉलेजच्या ऑफिसला जायला म्हणून बूट घालायला वाकले, ते उठलेच नाहीत. मी महिनाभर घराबाहेर पडले नाही. फोनवर केवळाक्काचे आवाज साठत गेले, मी एकही उघडला नाही. मग एका दुपारी ती दारात उभी. एकटी, घामाने डबडबलेली. पाणी प्यायली, भाकरी मागून खाल्ली, मागच्या अंगणात जाऊन आली. "न्हानीचं पानी नुस्तं वाया चाललंय," म्हणाली. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि कमरेची कापडी पिशवी सोडली.

"पदर पसर."

तिने मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती. मी म्हटलं, "अक्का, मला आता ओटी..."

"म्हनूनच आले, पोरी."

घरात माझ्या सासूबाई होत्या, नणंद होती. दोघी बघत राहिल्या. केवळाक्काने दोन मुठी वाल माझ्या पदरात टाकला. त्या क्षणी मला शाळेची ती पायरी आठवली. लिंबाखाली बसलेल्यांना काय वाटलं असेल ते मला चौदा वर्षांनी, माझ्या घरात, माझ्याच अंगावर आलं तेव्हा कळलं. मी तिचे हात धरले. म्हटलं, "त्या संक्रांतीला मी तुम्हाला बाहेर बसवलं. मला माफ करा." ती म्हणाली, "कवा? मला न्हाई बाई आठवत." आणि उठली. दारातून एवढंच बोलली, "ठिवून देऊ नको हां. पेर. बी ठिवलं की मरतंय."

मी ते ठेवून दिलं. पिशवीसकट, कपाटात, साड्यांच्या घडीत. शेतीखात्यात आयुष्य घालवलेली मी, बियाण्याला आठवण म्हणून जपत बसले. पेरलं तर ती आलेली दुपारच माझ्याकडून संपून जाईल, असं काहीतरी वेड डोक्यात होतं. दरवर्षी म्हणायची, यंदा पेरू. दरवर्षी पिशवी हातात घ्यायची, वास घ्यायची, परत ठेवायची.

गेल्या पावसाळ्यात अक्काच्या गावात पाणी शिरलं. चार दिवस घरात गुडघाभर पाणी. तिची बियांची मडकी उतरंडीसकट भिजली. बाकीचं बरंचसं इतर बायांकडून परत आलं, पण एके सकाळी तिचा आवाज आला तो रोजच्यासारखा नव्हता. "बायांनो, माझा वाल गेला. माझ्या मायचा हुता. कुनाकडं असला तर मूठभर द्या." पण वाल कुणाकडेच राहिला नव्हता. सगळीकडे सोयाबीन, आणि तणनाशकाच्या फवाऱ्याने बांधसुद्धा बोडके. न्हाई अक्का, न्हाई अक्का, एकेकीचं उत्तर येत गेलं. मी तो आवाज तीनदा ऐकला. कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं... मी उत्तर दिलं नाही. पेरला नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, आधी उगवतो का बघू, मग सांगू. मग दिवाळी आली, मग कार्यालयात पंचनाम्यांची घाई. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटत होती आणि मी टाळत राहिले. केवळाक्का आपल्या आईचा वाल संपला असं समजून गेली.

तिच्या दहाव्याला मी गावाला गेले. कमलने मला मागची खोली दाखवली. मडकी धुऊन पालथी घातली होती. कमल म्हणाली, "म्याडम, आत्याबाई दर साली खळ्यावर नव्या बायांना सांगायच्या, आमची म्याडम चुकली न, म्हनून ही ओटी सुरू झाली. लई कौतुकानं सांगायच्या." म्हणजे तिला सगळं आठवत होतं. वालाचं कमलला तेव्हाही सांगू शकले नाही.

घरी आल्यावर कपाट उघडलं. पिशवीतले निम्म्याहून जास्त दाणे भुंग्याने खाल्लेले होते. चांगले दिसणारे निवडून काढले आणि मी शेकडो बायांना शिकवलं तसंच केलं. गोणपाटाचा तुकडा भिजवला, त्यावर दाणे ओळीने मांडले, गुंडाळी करून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी उघडली. काही नाही. सहाव्या दिवशी दाणे नुसते फुगलेले, दोन-तीन बुरसटलेले. मी गोणपाटाशी मोठ्याने बोलत होते, हे शेजारणीने ऐकलं असणार. आठव्या दिवशी कडेच्या ओळीत एका दाण्याचं साल फाटलं होतं आणि आतून पांढरा कोंब वाकून बाहेर आला होता. त्याच्या पलीकडे अजून एक. संध्याकाळपर्यंत चार झाले. त्यापुढे एकही नाही.

चारही मी न्हाणीच्या पाण्यावर लावले, ती त्या दिवशी जिथे उभी राहिली होती तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि फोन घेतला. ती गेल्यापासून गटावर सकाळी कुणीच बोललं नव्हतं. मी ते माइकचं चिन्ह दाबून धरलं, आणि माझाही श्वास आपोआप धरला गेला. "आमच्याकडं ऊन हाय," मी म्हणाले. आधी एवढंच जमलं. पुन्हा दाबलं. "अक्काचा वाल माझ्याकडे होता. मी पेरला नव्हता, तिने मागितला तेव्हा सांगितलंही नाही. आता चार कोंब आलेत. तुमच्याकडं?"

चहा उतू गेला. मग कमलचा आवाज आला, थोडा घोगरा, मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"आमच्याकडंबी ऊन हाय, म्याडम. आवंदा बांधावर फवारा मारत न्हाई. जागा धरून ठिवते."