हलक्या ब्राउझरच्या पाठक बाई

पाठक बाई वेबसाइटींशी भांडत, तेही भर वर्गात, मुलांच्या देखत. एखादं पान उघडायला लावलं की हाताची घडी घालून पडद्यासमोर उभ्या राहत आणि तोंडाचा पट्टा सुरू करत. "मला परीक्षेची एक तारीख हवी आहे. एक तारीख! पण आधी यांची वाजंत्री येणार, मग घोडा, मग पुढाऱ्यांचे फोटो, मग पळती अक्षरं. लग्न दोघांचं आणि वऱ्हाड अख्ख्या तालुक्याचं!" मुलं खिदळत. बाई हसत नसत, कारण त्यांना खरोखरच राग आलेला असे.

आमची शाळा नगरहून पाथर्डीकडे निघालं की करंजीचा घाट ओलांडून पुढे, एका फाट्यावर. बाई गणिताच्या. राहायला नगरला, रोज एसटीने ये-जा. मी मराठी शिकवते. शिक्षकखोलीत माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, त्यामुळे वर्गातून उरलेला राग माझ्या वाट्याला येई. आता तो सगळाच माझ्याकडे आला आहे.

एका कारखान्याने काढून टाकलेले संगणक शाळेला मिळाले, तेव्हा आमच्या संस्थेच्या सचिवांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला आणि नंतर संगणकांच्या खोलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संगणक म्हातारे होते. नेहमीचा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पानं ज्यातून बघतात तो प्रोग्रॅम, उघडला की यंत्राला धाप लागे आणि माऊसचा बाण जागच्या जागी थिजे. नगरहून दुरुस्तीवाला आला, त्याने हात झटकले.

"भंगार हाय हे, मॅडम. नवीन घ्या."

"घाटात जीप चढेना झाली तर तुम्ही नवीन जीप घेता का हो?" बाई म्हणाल्या. "टपावरची माणसं उतरवता ना?"

त्या अख्ख्या उन्हाळ्यात बाईंनी माणसं उतरवली. जुनी विंडोज काढून हलकी लिनक्स टाकली. तो भला मोठा ब्राउझर हाकलला आणि आमच्यापैकी कुणी नावही ऐकलं नव्हतं असे दोन चिमुकले ब्राउझर बसवले. एकात नुसती अक्षरं दिसत. दुसरा सगळं दाखवू शकत असे, पण बाई त्यातली चित्रं आणि जाहिराती बंद ठेवत. वर्गात नियम एकच: एका वेळी एकच पान. "आधी काय पाहिजे ते ठरवा, मग उघडा. आठवडी बाजारात हिंडायला आलेला नाहीत."

प्रवेशाची वेबसाइट मात्र हटून बसली. 'तुमचा ब्राउझर चालणार नाही' असं सांगून दार लावून घेई. बाई खवळल्या, आणि दोन दिवसांनी हसतच वर्गात आल्या. वेबसाइट आत घेताना ब्राउझरला फक्त नाव विचारते, आणि आपल्या छोट्या ब्राउझरला दुसरं नाव सांगायला शिकवता येतं, हे त्यांना सापडलं होतं. "दारावरचा माणूस नुसतं नाव विचारतोय. सांगा की मोठ्या घरचं!" नाव बदललं आणि तेच पान, त्याच यंत्रावर, मुकाट उघडलं. म्हणजे अडचण यंत्राची नव्हतीच. कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलं होतं की जुन्या यंत्राच्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं. हे कळल्यावर मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

हा हट्ट कशासाठी, हे सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळी झाली की कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुलं आजीपाशी राहतात आणि घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर फडात जातो. अर्ज भरायचा तर ओटीपी त्या फोनवर येणार. मग मुलीने बाईंच्या फोनवरून बापाला फोन लावायचा, त्याने कोयता खाली ठेवून आकडे वाचायचे, आणि ओटीपीची मुदत संपायच्या आत ते पानावर टाकायचे. मोठ्या ब्राउझरवर पान हलेपर्यंत मुदत संपून जाई. बाईंच्या हलक्या ब्राउझरवर आकडे वेळेत पोचत. पोरी पुढे शिकणार की कोयता धरणार, हे आमच्याकडे त्यावर ठरत होतं.

पुढे गणपतीच्या सुमारास शाळेला नवे संगणक आले आणि त्यांच्यासाठी नवी खोली सजली. काचेचं दार, एसी, आणि दाराला कुलूप. उद्घाटनाला मोठे पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. खंडेनवमीला शस्त्रपूजा आली. खोली तर उघडायची नाही. मग शिपायाने कुलपालाच हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. "छान," बाई म्हणाल्या, "आपलं हत्यार पुजून झालं. आता ते हातात कधी मिळणार, तेवढं देवालाच विचारा."

थंडीत एकदाची तारीख मिळाली. आदल्या दिवशी जुने संगणक न्यायला टेम्पो आला, पाठोपाठ सचिव स्वतः. तो नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. बारावीतली सविता बाईंच्या शेजारी बसली होती. बाकीच्या मुलींचे अर्ज झाले होते, तिचाच राहिला होता, कारण बापाचा फोन सकाळपासून लागत नव्हता.

"बाई, पाहुणे उद्या येताहेत," सचिव म्हणाले. "ही खोकी फोटोत आली तर काय शोभा राहील आपली?"

"पोरीचा अर्ज चाललाय. अर्धा तास थांबा, नाहीतर ती नवी खोली उघडून द्या."

"रिबीन कापायच्या आधी? कसं दिसतं ते!"

तेवढ्यात फोन लागला. सविता ओरडली, "आण्णा, आकडा आलाय बघा, लवकर वाचा!" पलीकडून बापाचा आवाज आला, "थांब गं, उनात दिसंना झालंय. हां, चार... नऊ..." आणि हमालाने मेन स्विच पाडला. सगळे पडदे एकदम काळे झाले. त्या काळ्या पडद्यासमोर बाप वाचतच होता. "सात... सात... दोन... एक... झालं का गं? घेतलं का?"

हमाल वायरी उपटायलाही लागले. बाईंनी बाहेरच्या बागेच्या कडेची वीट उचलली आणि नव्या खोलीचं कुलूप फोडलं. आत संगणक ओळीने मांडलेले होते आणि एकाचीही वायर जोडलेली नव्हती. इंटरनेटची लाइन उद्घाटनानंतर येणार होती. फोटोपुरती मांडामांड! शाळेत मोबाइलला बोलण्यापुरतीच रेंज, म्हणून बाईंनी सविताला जीपमध्ये घालून नगरला आपल्या घरी नेलं. तिथे पोचेपर्यंत बापाचा फोन बंद पडला होता. फडात चार्जिंग कुठून असणार? संध्याकाळी मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत. कुलूप फोडलं म्हणून बाईंना नोटीस मिळाली. पोरीचं वर्ष गेलं त्याची नोटीस कुणालाच मिळाली नाही. बाई महिन्याभरात निवृत्त झाल्या, त्यांना निरोपाचा नारळही कुणी दिला नाही. सविता बारावीची परीक्षा देऊन आईबापाकडे फडावर गेली.

पुढच्या थंडीत बाई आपला जुना, पिटुकला लॅपटॉप पिशवीत घालून ऊसतोडीच्या तळावर जाऊन थडकल्या. "ओटीपी फडात येतो ना? मग अर्जही फडातच भरू." गोणपाटावर बसून, सविताच्या बापाला शेजारी बसवून, मोबाइलच्या इंटरनेटवर त्यांनी त्याच हलक्या ब्राउझरवर अर्ज भरला. सविता आता नगरला नर्सिंग शिकते.

यंदा बाई गेल्या. हृदयविकाराचं निमित्त झालं. शाळेने नव्या संगणकखोलीत शोकसभा ठेवली. सचिव बराच वेळ बोलले. ही खोली म्हणजे बाईंचं स्वप्न होतं, असं ते म्हणाले, आणि खोलीला बाईंचं नाव द्यायचं जाहीर केलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मग विद्यार्थ्यांच्या वतीने सविताला बोलायला उभं केलं. धाकट्या बहिणीला घेऊन आली होती ती.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "ह्या खोलीत नेट हाय का, तेवढं सांगा. हिचा अर्ज भरायचाय. आज शेवटचा दिस हाय आन् आण्णा तिकडं फोन धरून बसल्यात."

सचिवांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "लाइनचं काम पुढच्या आठवड्यात होतंय."

सविताने बहिणीचा हात धरला आणि ती दाराकडे निघाली. मीही उठले. माझ्या घरी संगणक आहे, बाईंनीच बसवून दिलेला.

"अहो मॅडम," सचिव मागून म्हणाले, "श्रद्धांजली राहिली आहे अजून."

"तीच वाहायला निघालेय," मी म्हटलं, आणि फाट्यावर येऊन जीपला हात केला.