बाबांचा मुतखडा

आमचे बाबा निवृत्त शिक्षक. दर रविवारी विहारात वंदना तेच घेत आणि पाचवं शील, म्हणजे दारू न पिण्याचं, जरा जास्तच जोरात म्हणत. अशा माणसाच्या यकृतात गाठ सापडली, तीही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. कॅन्सर. बाबांनी वस्तीत सांगून टाकलं, मुतखडा आहे. लिव्हर म्हटलं की लोक बाटली शोधतात, ही त्यांची धास्ती.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "गुरुजी, यकृतातच सुरू होणारा कॅन्सर आपल्याकडे तसा कमी. दारूनं होतो, यकृतात चरबी साठून होतो, बुरशी लागलेले शेंगदाणे खात राहिलं तरी धोका वाढतो. तुमचा मात्र कावीळ-बीच्या विषाणूनं झालाय. बहुतेक जन्मतानाच आईकडून आला आणि इतकी वर्षं गुपचूप बसला. तुमच्या भावाला लगेच तपासा."

चुलते सिरसाळ्याला, ठणठणीत. पण त्यांना सांगायचं म्हणजे गावभर होणार. बाबांनी तोंडाला कुलूप लावलं. आठवडा गेला तसा माझा तोल सुटला. "अब्रू सांभाळा तुम्ही, भाऊ गेला तरी चालेल!" असं मी त्यांच्या तोंडावर बोललो. ते बाप असूनही बोललो, त्याचा मला आजही पस्तावा नाही.

रविवारी वंदना संपली, लोक उठू लागले. बाबा म्हणाले, "बसा जरा. मला मुतखडा न्हाई. लिव्हरचा कॅन्सर हाय. मी उभ्या जन्मात थेंब घेतला न्हाई, तरी झाला, कावीळ-बीनं. ही कावीळ रक्तातनं येती, आईकडनं लेकराला येती. माझ्या भावाला तर मी उद्या नेणारच हाय. तुमी बी तपासून घ्या."

कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, मला बी न्या." सकाळी जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

चुलत्यांच्या यकृतातही गाठ निघाली. बोराएवढी, काढता येण्याजोगी. आधी बाबांचं ऑपरेशन झालं, मग त्यांचं. विषाणू दाबून ठेवायच्या गोळ्या दोघांना कायमच्या लागल्या, घरातल्या बाकीच्यांना लस मिळाली. वर्षानं दोघांची तपासणी स्वच्छ आली. दवाखान्याच्या पायरीवर चुलत्यांनी बाबांचा हात धरला. "दादा, तू त्या दिवशी बोलला नसता तर मी गेलतो."

बाबा लहान मुलासारखे रडले, आणि मीही.