लीज म्हणजे आपलंच

आमच्या उरणकडे ‘लीज’ हा शब्द इंग्रजी आहे असं कुणाला सांगितलंत तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. मिठागरं लीजवर, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला सिडकोचा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट लीजवर, आणि त्या प्लॉटवर उभी राहिलेली बिल्डिंगही लीजवर. साठ वर्षांचं लीज. तेवढ्या काळात माणूस म्हातारा होतो, मरतो, त्याची पोरं वारस लावतात, वरचे मजले भाड्याने देतात, आणि कागदावरचा खरा मालक कोण हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, ठमीताईचे नवरे दत्तात्रेय घरत हे असल्या लीजच्या हवेत वाढलेले गृहस्थ. ‘लीज म्हणजे आपलंच’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या एका वाक्याने काय करून ठेवलं ते आठवलं की माझं डोकं आजही सुन्न होतं.

दाजी तरुणपणी मिठागरावर होते. ते बंद पडल्यावर एका कंटेनर यार्डाच्या गेटवर लागले. आवाज असा की शेजारच्या माणसालाही कान पुढे करावा लागायचा. कुणी पायावर पाय दिला तर हेच आधी सॉरी म्हणणार. ताई म्हणायची, “यांना मुंगी चावली ना, तं हे मुंगीलाच विचारतील, दात दुखला कं?” मी पोर्टात ट्रेलर चालवतो आणि माझं तोंड ट्रेलरच्या हॉर्नसारखं आहे, त्यामुळे आमचं जमायचं. ते गप्प बसायचे, मी त्यांच्या वाटचंही बोलायचो.

कोरोनाच्या दोनेक वर्षं आधी दाजींनी गाडी घेतली. नवीकोरी, पांढरी. मी तेव्हा ट्रेलर घेऊन गुजरातेत होतो. त्यांच्याबरोबर पनवेलच्या शोरूमला ताई गेली होती. तिने सांगितलं ते असं. दाजी कर्जाचं विचारत होते, तेवढ्यात तिथली पोरगी म्हणाली, “सर, त्यापेक्षा लीजवर घ्या ना. सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, सगळं आमच्याकडे. नो टेन्शन.” दाजींचा चेहरा उजळला. “लीज? मंग आधी सांगायचं ना!” त्यांनी एकच प्रश्न विचारला, मुदत संपल्यावर वाढवता येतं का. पोरगी म्हणाली, येतं. झालं. आमच्याकडे आजवर कुठलं लीज वाढलं नाही?

मी परत आलो आणि गाडीच्या आर.सी. बुकवर भलत्याच कंपनीचं नाव बघून उडालोच. “दाजी, हे काय?” तर ते शांतपणे म्हणाले, “प्लॉटवर न्हाय का सिडकोचं नाव? कब्जा आपला ना? मंग झालं.” मी कर्ज काढून टेंपो घेतलेला माणूस. मला हप्ता कळतो, लीजमध्ये मी कधी शिरलो नव्हतो.

त्या गाडीचे लाड मात्र बघण्यासारखे होते. मीठ लोखंड कसं खातं हे मिठागरावरच्या माणसाला सांगायला नको. आमच्या बोअरिंगचं पाणी मचूळ, म्हणून दाजी गाडी प्यायच्या पाण्याने धुवायचे. ताई हंडा आपटून म्हणायची, “माणसं तहानेली ऱ्हावली तं चालतील!” सुकी मासळी गाडीत ठेवायला बंदी. एकदा मी बोंबलांची पिशवी मागच्या सीटखाली लपवून आणली, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मागच्या काचेवर त्यांनी ‘आई एकवीरा’ लिहून घेतलं आणि त्याखाली लेकीचं नाव, प्राप्ती. एकुलती एक, अवखळ, सारखी हसणारी. मामा म्हणून मी तिला बिघडवली असा ताईचा आरोप होता आणि तो खराच होता.

मग लॉकडाऊन आलं. त्यातच दाजींच्या लीजची मुदत भरत आली. मोबाइलवर फोन यायचे. एक बाई हिंदीत भराभर विचारायची, गाडी परत करणार, लीज वाढवणार की विकत घेणार? तेव्हा जो तो बजावत होता की अनोळखी फोनवर बोलू नका, खातं साफ करतात. दाजी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायचे. पुढे खात्यातून दर महिन्याला कापलं जाणारं भाडंही कापायचं थांबलं. दाजींनी ताईला पेढा भरवला. “फिटली गं गाडी!”

तरी माणूस सरळ. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर ते स्वतःहून पनवेलला गेले, मुदतीचं काय ते विचारायला. शोरूमच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. वरचा बोर्ड काढून नेला होता, दारातली कुंडीतली झाडं वाळून गेली होती. वॉचमन म्हणाला, मालकाने कायमचं गुंडाळलं, आता इथे काही उघडायचं नाही. दाजी तिथे बराच वेळ उभे राहिले म्हणे. ती विकणारी पोरगी आता कुठे असेल याची त्यांना काळजी. घरी येऊन मला म्हणाले, “दुकानच ऱ्हायलं न्हाय, जीवन. मंग गाडी आता कुणाची?” मीच म्हटलं, तुमची! मिठागराचा शेठ पळून गेला तेव्हा खाजणातली, त्याच्याच खाऱ्या जमिनीवरची घरं राहणाऱ्यांचीच झाली होती. त्या हिशेबाने मला ते अगदी बरोबर वाटलं.

आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर प्राप्तीचं लग्न झालं. किहीमच्या केसरबाईंचा मुलगा स्वराज. नारळाची वाडी, वाडीत पर्यटकांसाठी बांधलेली कॉटेजं, नवरा मुलगा दिसायला चांगला. लग्न आधीच ठरलेलं होतं. पण आमच्यात लग्न म्हणजे हळद. हळदीला गाव लोटतो, वाजंत्री फुटेस्तोवर वाजते, नाचून नाचून चपला हरवतात. त्या वर्षी अंगणात मोजकी माणसं, तोंडाला मास्क लावून, एकमेकांपासून लांब बसलेली. प्राप्तीला हळद लावताना ताईने हातावर सॅनिटायझर चोळलं होतं, तेव्हा मला रडूच आलं.

दाजींना ते फार लागलं. पाठवणीच्या वेळी हा अबोल माणूस पुढे झाला आणि त्याने गाडीची चावी प्राप्तीच्या हातात ठेवली. “हळद न्हाय, वाजंत्री न्हाय. पोर अशी मुकाट जायची न्हाय माझी.” मी ‘आ’ वासून बघत राहिलो. ताईलाही पत्ता नव्हता. केसरबाई म्हणाल्या, “आमी काय मागितलं न्हवतं हां.” असं म्हणत त्यांनी प्राप्तीच्या हातातली चावी घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मी ते बघितलं. सासू आहे, जपून ठेवत असेल, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतर जाणं-येणं नाही. केसरबाईंनी सांगून ठेवलं होतं, उरणला रोज पेशंट निघतात, तुम्ही येऊ नका, आमच्याकडे गिऱ्हाइकं येतील ती घाबरतील. फोन मात्र व्हायचा. “कशी हायस गं?” “बरी हाय.” गौरीलाही प्राप्ती माहेरी आली नाही. ताई जरा कुरकुरली, पण त्या वर्षी कोण कुठे गेलं होतं? आम्ही समजायचो, पोर रमली.

गणपतीनंतर एके सकाळी दाजींच्या दारात एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, दोन मास्क, बरोबर एक ड्रायव्हर. शोरूम बंद पडलं तरी गाडीची खरी मालक असलेली लीजची कंपनी मुंबईत ठणठणीत होती, आणि तिला गाडी परत हवी होती. माणूस सभ्य. “काका, मुदत कधीच संपली. आम्ही किती फोन केले!”

“पण लीज हाय ना?” दाजी म्हणाले.

“म्हणूनच तर, काका. लीज संपलं की गाडी आमची.”

दाजी ओट्यावर खाली बसले. मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो, काय वाट्टेल ते बोललो, पण तो दर वाक्याला “बरोबर आहे दादा” म्हणत होता, आणि खरं म्हणजे त्याचंच बरोबर होतं. ताईच्या तोंडाला पदर. तिने एकच विचारलं, “आता पोरीला तिथं काय ऐकायला लागंल?”

गाडीचं दुःख कुणालाच नव्हतं. दिलेलं आंदण परत आणायला बाप निघालाय, ही गोष्ट आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकली नव्हती. मी म्हटलं, मी एकटा जातो. दाजी म्हणाले, “न्हाय. दिली मी, मागायला पण मीच.” त्यांनी पांढरा शर्ट घातला. माझ्या टेंपोत आम्ही दोघं आणि मागून कंपनीची गाडी. खोपट्याचा पूल, पेण, वडखळ, पोयनाड. सबंध रस्ता दाजी ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होते. व्याह्यांच्या दारात काय बोलायचं त्याची ती तालीम होती. मी ट्रेलरवाला माणूस, पण त्या दिवशी माझ्याकडून गिअर धड पडत नव्हता.

किहीमला वाडीत गाडी नारळाखाली उभी होती. मागच्या काचेवरचं प्राप्तीचं नाव खरवडून तिथे कॉटेजचा फोन नंबर लिहिला होता. पर्यटकांना मांडव्याच्या जेट्टीवरून आणायला स्वराज ती वापरत होता. दाजींनी नंबर वाचला आणि नजर खाली घातली.

केसरबाई ओटीवर आल्या. दाजींनी हात जोडले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. “चुकी झाली,” एवढंच म्हणाले. मग मीच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या हसल्या. “म्हणजे भाड्याच्या गाडीवर पाठवणी केलीत व्हय? स्वराज, ऐकलंस का रे?” स्वराज दारात उभा होता. प्राप्ती त्याच्या मागे होती. मी तिला बघितलं आणि मला ओळखूच येईना. एवढी वाळलेली. मामा आला की धावत येणारी पोर जागची हलली नाही.

केसरबाईंनी चावी आणून ओटीच्या कट्ट्यावर टाकली. “न्या. आणि गाडी नेता तं पोरगी कशाला ठेवता? तिला पण न्या.”

कुणी असं बोलू शकतं यावर विश्वास बसेना. मी दाजींकडे पाहिलं. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते, ते खाली घ्यायचंही त्यांना भान नव्हतं. प्राप्ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी केसरबाईंना काहीतरी जहरी बोलायला तोंड उघडतोय, तोवर ती बाहेर आली. हातात बॅग होती. ती सरळ ओटी उतरली, गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

कंपनीचा माणूस बिचारा गाडीभोवती फिरून ओरखडे तपासत होता, तो काचेशी वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “ताई, सॉरी हां. गाडी रिकामी न्यावी लागते.”

प्राप्ती उतरली आणि माझ्या टेंपोत येऊन बसली. स्वराज फाटकापर्यंत आला, तिथेच थांबला. मी टेंपो सुरू केला.

चोंढी नाका मागे पडला. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, “पोरी, सासू रागाच्या भरात बोलली. एवढ्यावरून घर सोडतात का? दोन दिवसांनी शांत झाली की मी स्वतः सोडून येतो तुला.” ती समोर बघत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की घटकेत कुणाची बॅग भरून होत नाही.

“बॅग कवा भरलीस गं?” मी विचारलं.

“लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात.”

दाजींनी मान वळवली. “मंग फोनवर…”

“फोन आईंच्या हातात असायचा, बाबा. स्पीकरवर. तुमी ‘कशी हायस’ विचारायचात, त्या माझ्याकडं बघत ऱ्हायच्या.” तिने बाही वर सरकवून दंड दाखवला. मी एकदा बघितलं आणि रस्त्याकडे डोळे लावले, नाहीतर टेंपो कुठेतरी घातला असता. “मी रोज वाट बघायची. कोण तरी येईल, बाबा येतील, मामा येईल. मंग वाटायचं, लॉकडाऊन हाय, कसं येणार. मंग लॉकडाऊन पण उठला.”

दाजींनी तिचा हात हातात घेतला. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि अगदी साधेपणाने, कसलाही राग नसल्यासारखी म्हणाली,

“बरं झालं बाबा, गाडी न्यायला तरी आलात.”